मामा खाली बघत नसे

माझ्या मामाने उभी हयात काचेच्या तळाची बोट चालवली आणि मी सांगते आहे त्या उन्हाळ्यापर्यंत त्या काचेतून खाली बघितलं होतं फक्त एकदा. त्या एकदाचीच शिक्षा तो पुढे वर्षानुवर्षं भोगत होता.

तेव्हा तो तरुण होता आणि सुकाणू हातात येऊन आठवडाही झाला नव्हता. प्रवाशांनी खाली माना घातल्या म्हणून यानेही घातली. खाली प्रवाळांचं रान पसरलेलं, त्यातून माशांचे थवे चाललेले. मामा हरखला. तेवढ्यात बोट जाऊन त्या रानातल्या सगळ्यात मोठ्या प्रवाळावर घासली. एका मोठ्या खोलीएवढा तो गोल घुमट. त्याच्या खांद्याचा टवका उडाला आणि बोटीची काच तडकली. बोटीचा म्हातारा मालक मामाचा गुरू होता. त्याने धक्क्यावर सगळ्यांच्या देखत सुनावलं, "ज्याला बघायचंय त्याने तिकीट काढावं. ज्याला चालवायचंय त्याने समोर बघावं."

मामाने हे इतकं मनाला लावून घेतलं की पुढे तो स्वतः बोटवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याने तो नियमच करून टाकला. आमच्या किनाऱ्यावर सुकाणूवाला खाली बघत नाही. बघितलं तर बाकीचे त्याला आठवडाभर 'पर्यटक' म्हणून हाक मारत, आणि आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

मग खाली काय चाललंय ते यांना कळायचं कसं? चेहऱ्यांवरून. बोटीच्या मध्यावर काच, तिच्या दोन्ही बाजूंना लांब बाकं, बाकांवर माणसं वाकून बसलेली, आणि मागे सुकाणूवर मामा. समोर लांबवर बर्फाच्या कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी दिसायची. मामा आणि चिमणी यांच्या मधोमध दोन रांगा चेहरे. चिमणी टाकीच्या डावीकडे असली की खाली सांबरशिंगी प्रवाळ, तिथे तोंडांचा आ व्हायचा. थोडं पुढे वाळूत लोळणारी लिबलिबीत समुद्रकाकडी, तिथे नाकं मुरडायची. मामा आधीच सांगायचा, "आता तुम्ही नाक मुरडाल," आणि लोक मुरडायचे. लोकांना वाटायचं, काय हा जाणकार! मामा त्यांच्या नाकाकडेच बघत होता हे कोणाच्या लक्षात यायचं नाही.

चिमणी आणि टाकी एका रेषेत आली की जांभईचा पट्टा सुरू व्हायचा. हे नाव मामाचंच. तिथले प्रवाळ ठणठणीत होते, पण दिसायला तपकिरी, जुन्या ब्लँकेटच्या रंगाचे. माणसं तिथे जांभया द्यायची, फोन काढायची, चपला शोधायची. आणि या पट्ट्याच्या टोकाला तो टवका उडालेला घुमट. मामा त्याला 'थोरले' म्हणायचा. नखाएवढं वाढायला ज्याला वर्ष लागतं, तो खोलीएवढा झाला म्हणजे त्याने किती पिढ्या बघितल्या असतील! मामा दर फेरीला आवाज चढवून सांगायचा, "हे आमचे थोरले. या सगळ्यांत वडीलधारे." लोक थोरल्यांकडे बघायचे आणि जांभई द्यायचे. मामाला ते फार लागायचं. स्वतः कधी बघायचं नाही आणि दुसऱ्याने नीट बघितलं नाही की रुसायचं, असा हा माणूस.

मी त्याची भाची. धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसायचे. लोकांशी गोड बोलणं हे माझं काम होतं आणि ते मला कधीच जमलं नाही, म्हणून मामाने खिडकी जरा लहानच करून घेतली होती.

आता मामीचं सांगते. काच पुसायचं काम मामीचं. सकाळी ओहोटीला बोट उतारावर आडवी टेकलेली असायची. मामी गुडघाभर पाण्यात उभी राहून काच खालून घासायची, मग वर चढून आतून पुसायची. तिच्या खांद्यावर कायम एक फडकं. बोटीत बसून ती कधीच फिरली नाही. म्हणायची, "रोज हिचं तोंड धुते, आणखी वर हिच्यात बसून मिरवू कशाला?" आणि मामीचा चेहरा म्हणजे ताकाला तूर लागू देणार नाही असा. आनंद झाला, दुःख झालं, दूध उतू गेलं, घर गळायला लागलं, चेहरा तोच. सगळ्या जगाचे चेहरे वाचणारा मामा घरी आला की अडाणी व्हायचा. "आज ही रागावली आहे का गं?" असं तो मला हळूच विचारायचा. मला तरी काय कळणार?

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. एका सकाळी काच घासता घासता मामी म्हणाली, "अहो, पाणी हाताला लागतच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे गार नाही, गरम नाही. हात घातला की नाही तेच कळत नाही. निवलेल्या चहात बोट घातल्यासारखं."

"उन्हाळा आहे. समुद्रात काय बर्फ टाकू?" मामा म्हणाला, आणि बोटीत डिझेल भरायला गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर चमत्कार झाला. जांभईच्या पट्ट्यावर लोकांनी आ केला. आधी एका फेरीत, मग सगळ्याच. माणसं काचेला नाक लावून बसू लागली. मुलं किंचाळू लागली. जे नवरे वर्षानुवर्षं बायकांच्या आग्रहाखातर बोटीत बसत आणि समुद्राकडे पाठ करून बातम्या वाचत, ते गुडघ्यांवर आले. जांभळा, गुलाबी, निळा, लिंबाच्या सालीसारखा पिवळा. खाली असे रंग पेटले होते म्हणे. आणि थोरल्यांपाशी बोट आली की माना आणखी खाली जायच्या. मग कोणीतरी म्हणायचं, "बापरे!"

मामा त्या 'बापरे'वर जगू लागला. संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, "आज सात जणांनी थोरल्यांना हात जोडले." त्याची चाल बदलली. मला म्हणाला, "बघ, शेवटी लोकांना कळलं. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो." त्याचा तो फुललेला चेहरा आठवला की मला अजूनही कसंतरी होतं. इतका आनंदात मी त्याला कधी बघितलं नव्हतं, आणि तो ज्याचा आनंद करत होता ते थोरल्यांचं आजारपण होतं.

हे आम्हाला सांगितलं डुबकीबाईंनी. त्या समुद्राच्या अभ्यासक. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून खाली जायच्या, म्हणून बोटवाल्यांनी हे नाव पाडलं होतं. संघटनेच्या शेडमध्ये, लाइफ जॅकेटांच्या ढिगाशेजारी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "पाणी गार होईपर्यंत प्रवाळांवरच्या फेऱ्या बंद ठेवा."

शेडमध्ये हशा पिकला. हंगाम ऐन भरात होता.

बाईंनी हसू ओसरू दिलं. मग साध्या शब्दांत सांगितलं. प्रवाळ दगड नाही, तो जीव आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं आणि त्याला खाऊ घालतं. तपकिरी रंग या स्वयंपाक्याचा. पाणी तापलं की प्रवाळ त्याला घराबाहेर काढतो. मग मागे राहतात ते हे भडक रंग, मग तेही जातात आणि पांढरा सांगाडा दिसतो. तेव्हाही तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर स्वयंपाकी परत येतो. नाही निवलं तर प्रवाळ उपाशी मरतो.

"तोवर त्याला आणखी त्रास नको, एवढंच म्हणते," बाई म्हणाल्या. "तुम्ही नांगर टाकता, फांद्या मोडतात. लोक अंगाला तेलं चोपडून पाण्यात उतरतात. हॉटेलांचं सांडपाणी येतं, त्यावर नको ते शेवाळ माजतं, आणि ते खाणारे मासे हॉटेलवाले तळून वाढतात. धडधाकट असता तर सोसलं असतं. आज नाही सोसणार."

"मॅडम," मामा म्हणाला, "असे चेहरे मी जन्मात पाहिले नाहीत. आजारी माणसाला बघून कोणी 'बापरे, काय सुंदर' म्हणतं का?"

"तापात गाल लाल होतात, काका. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय तेज आलंय."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? उद्या माझ्या बोटीत बसा. चेहरे बघा, आणि मग बोला." मामाने मत घेतलं. सगळे हात फेऱ्या चालू ठेवायच्या बाजूने वर गेले. समुद्र इतका मोठा आहे, त्याचं तो बघून घेईल, असंही कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी बाई खरंच आल्या, आणि तिकीट काढून आल्या. सगळी तिकिटं संपली होती, खिडकीत बसून मी काय करणार, म्हणून मीही बोटीत मामाशेजारी जाऊन बसले.

सांबरशिंगीवर सगळ्यांचा आ झाला. मामाने माझ्याकडे विजयी नजर टाकली. चिमणी टाकीच्या रेषेत आली, पट्टा सुरू झाला, आणि दोन्ही बाकांवरचे चेहरे उजळले. मामाची नजर ओळीने फिरत गेली. हसरा, हसरा, आ, हसरा, आ. मग बाईंचा.

त्या हात मांडीवर ठेवून खाली बघत होत्या. मामाने तो चेहरा ओळखला. दवाखान्यात खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांचा तो चेहरा. आजी गेली त्या आठवड्यात आमच्या सगळ्यांचा तोच होता. मामाने नजर पुढे नेली आणि ती परत तिथेच आली. सगळ्या बोटीचा आनंद एका पारड्यात आणि तो एक चेहरा दुसऱ्यात. शेवटी मामा चेहऱ्यांचा माणूस, खोटा चेहरा आणि खरा चेहरा त्याला कळायचा.

"धर," तो मला म्हणाला, आणि सुकाणू माझ्या हातात देऊन उठला.

मी जन्मात सुकाणू धरलं नव्हतं. बोट आपल्याला वाटेल तिकडे जाऊ लागली. मामा प्रवाशांच्या गुडघ्यांमधून वाट काढत काचेशी गेला आणि ओणवा झाला. सगळ्यांनी पाय आखडून घेतले. चालकच ओणवा झाल्यावर जागा नको द्यायला?

खाली थोरले होते. पायथ्याशी शाईसारखे जांभळे, आणि माथ्यावर पांढरेफटक. इतक्या वर्षांनी मामाने त्यांना कशावरून ओळखलं, तर खांद्यावरच्या टवक्यावरून. कडा गोल होऊन तो जवळजवळ भरत आला होता. मामाने काचेवर तळवा टेकला आणि तसाच राहिला.

"हे नेहमी असंच असतं का हो?" एका बाईने कौतुकाने विचारलं.

"नाही," मामा म्हणाला. "नेहमी तपकिरी असतात. कंटाळवाणे असतात."

मग त्याने मान वर करून बघितलं तर चिमणी उजवीकडे गेलेली. धावत येऊन त्याने सुकाणू ओढलं, नाहीतर थोरल्यांचा दुसरा खांदाही त्या दिवशी आमच्याच घराण्याने फोडला असता.

संध्याकाळी मामाने शेडमध्ये परत सभा बोलावली. भाषण केलं नाही. सगळ्या बोटवाल्यांना आपल्या बोटीत घातलं आणि म्हणाला, "आज सगळ्यांनी पर्यटक व्हायचं. मी एकटा चालवतो." ते वाकले. मामा वर बसून एकेकाचा चेहरा पडताना बघत होता. परत आल्यावर मत घ्यावं लागलं नाही. "दिव्याखाली अंधार," एवढंच एक म्हातारा बोटवाला बोलला, आणि घरी निघून गेला.

प्रवाळांवरच्या फेऱ्या बंद झाल्या. पोटासाठी बोटी खाडीच्या तोंडाशी, नुसत्या वाळूवर फिरू लागल्या. काचेतून वाळू दिसायची. मामा सांगायचा, "ही वाळू. आता थोडी जास्त बारीक वाळू." एक खेकडा होता, तो दिवसातून इतक्या वेळा दाखवला गेला की शेवटी त्याने घर बदललं. मी खिडकीतून तिकिटं विकायचे आणि लोकांच्या शिव्या खायचे. एका गृहस्थांनी पैसे परत मागितले तेव्हा मी खिडकीच लावून घेतली.

मामी हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे गेली. सांडपाण्याची टाकी फुटलेली होती आणि तो रोज 'बघतो' म्हणायचा. मामी काही बोलली नाही. काच पुसायचं ओलं फडकं मांडीवर घेऊन त्याच्या कचेरीत समोरच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि तो चेहरा घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी टाकीवर माणसं लागली. व्यवस्थापकाने मामाला बाजूला घेऊन विचारलं, "त्या रागावल्या आहेत का?" मामा म्हणाला, "मला कळलं असतं तर आणखी काय हवं होतं."

पण टाकी दुरुस्त करता येते, समुद्राचा ताप ठराव करून उतरत नाही. मामा रोज सकाळी उतारावर जाऊन उभा राहायचा. मामी पाण्यात हात घालायची आणि मान हलवायची. "अजून नाही." जेवताना मामा ताटाकडे न बघता जेवायचा. एकदा मला म्हणाला, "मी रोज त्यांच्या डोक्यावरून जात होतो गं. ते उपाशी होते आणि मी वर टाळ्या मोजत होतो." मला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त माया येत होती, आणि ही दोन्ही एकदम आली की मी भांडी आपटते. त्या दिवशी एक कप फुटला.

डुबकीबाई दुसऱ्या किनाऱ्यावर निघून गेल्या. तिकडचेही प्रवाळ तापले होते. जाताना म्हणाल्या, "सांबरशिंगी गेले, काका. थोरल्यांचं मला आत्ता सांगता येत नाही. म्हातारे चिवट असतात."

पुढे एका सकाळी मामीने पाण्यात हात घातला आणि पटकन बाहेर काढला. "लागलं," ती म्हणाली. हात फडक्याला पुसला. "आज लागलं."

तरीही मामाने लगेच बोट काढली नाही. स्वयंपाकी परतायला वेळ द्यायला हवा, म्हणाला. खरं तर तो घाबरला होता. हंगाम उलटून गेला, वारा फिरला, बाकीचे बोटवाले विचारून विचारून थकले, तेव्हा कुठे एका सकाळी तो मामीला म्हणाला, "तू बस."

"मी?"

"मला खाली बघवणार नाही. तू बघ. मी तुझ्याकडे बघतो."

"भाची आहे की."

"तिकिटं विकून विकून तिचा चेहरा खोटारडा झालाय."

मी तेही ऐकून घेतलं. बोट घासायला लागली तर ढकलायला म्हणून माझ्या हाती त्याने बांबू दिला आणि मला पुढच्या टोकाला, काचेकडे पाठ करून उभं केलं. मी अर्थातच मान वळवून मामीकडे बघत राहिले. मामी बाकावर बसली, एकटी, बोट जणू तिच्या बापाची असल्यासारखी ताठ.

चिमणी टाकीच्या डावीकडे आली. सांबरशिंगी. मामी खाली बघत होती. चेहरा तोच. थोड्या वेळाने तिने खांद्यावरचं फडकं काढलं आणि काच पुसली. परत बघितलं, परत पुसली. मग वाकून, जोर लावून, एकाच जागी पुसत राहिली. खालचा करडा हिरवा थर काचेवरचा नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण हात थांबत नव्हता. मामाने ते बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. त्याला विचारायची गरजच उरली नाही.

चिमणी टाकीच्या रेषेत आली. पट्टा. मामी पुसत होती, मग कधी पुसायची, कधी थांबायची. मामाची नजर तिच्या हातावर खिळली होती. पट्ट्याच्या टोकाला बोट आली तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की काचेखालचं पाणी ऐकू येत होतं.

मामीचा हात थांबला. तिने फडक्याची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि बराच वेळ खाली बघत राहिली.

मग मामीने मान वर केली, सरळ मामाच्या डोळ्यांत बघितलं, आणि तोंडावर हातही न धरता, जबडा दुखेल एवढी मोठी जांभई दिली.

मामा सुकाणूवर डोकं टेकून ढसाढसा रडला. बांबू टाकून मी काचेशी गेले. थोरल्यांचा माथा मेला होता, त्याच्यावर शेवाळाची लव चढली होती. पण माथ्याखाली, सगळ्या अंगाने, त्या टवक्याच्या खांद्यासकट, ते तपकिरी होते. जुन्या ब्लँकेटसारखे, कंटाळवाणे.

"किती?" मामाने डोकं न उचलता विचारलं.

"अर्धे," मामी म्हणाली. "या, बघा. मी धरते सुकाणू."